एकट्याला दिसलेला उजेड

नाथाजी मास्तरांनी वाघरीचं टोक स्वतःच्या हातानं ताणून धरलं आणि धुळानं पहिली मेख ठोकली. दोरीची ती जाळी रानाच्या कडेकडेनं उलगडत गेली, मेंढ्या एकमेकींना ढकलत आत शिरल्या. शेवटचं कोकरू आत गेल्यावर उरलेली उघडी बाजू मास्तरांनीच ओढून बंद केली.

“तुमी कशाला मास्तर? धोतराला माती लागंल.”

“लागू दे. मेख खोल ठोक. सुटून जायला नको काही.”

“न्हाई जायाचं,” धुळा हसून म्हणाला. “मेंढराचं बरं असतंय. एकदा जाळी दिसली की पळायचं मनात बी आणत न्हाई.”

तो पुढची मेख ठोकायला वाकला. मास्तर त्याच्या पायांकडे बघत उभे राहिले. जाड तळाच्या वहाणा आणि त्यांतून बाहेर आलेल्या भेगाळ टाचा. आटपाडीच्या पलीकडच्या कोरड्या माळावरून येरळेच्या काठापर्यंत हे पाय दरसाल चालत येत, तिथून पुढं कृष्णाकाठाला जात आणि पावसाच्या तोंडावर माघारी फिरत. धुळाला जमीन नव्हती, घर म्हणावं असं घर नव्हतं. त्याचं सगळं त्या दोन तळपायांवर उभं होतं.

मास्तरांना तेच हवं होतं.

दिवाळीनंतर धुळाच्या मेंढ्या मास्तरांच्या रानात बसायच्या, हा दोघांच्या वडिलांपासूनचा रिवाज. रानाला खत मिळायचं, धुळाला जोंधळा मिळायचा. यंदा तो यायचा नाही, असं गावाला वाटत होतं. म्हणून मास्तरांनी विट्याच्या बाजाराला निघालेल्या एकाबरोबर मुद्दाम निरोप धाडला होता. यंदाही आमच्याच रानात बसव, वाट बघतो. त्या निरोपात खोटा शब्द एकही नव्हता. मास्तर वर्षभर वाटच बघत होते.

गेल्या मार्गशीर्षात त्यांचा धाकटा भाऊ सयाजी एका दिवसासाठी घरी आला होता. बेचाळीसच्या चळवळीपासून तो रानोमाळ फिरत होता, पोलिसांना हवा होता. आई अंथरुणाला खिळली आहे असं कळलं म्हणून आला, तिच्या पायाशी बसला, भाकरी खाल्ली आणि माजघरात गाढ झोपला. उन्हं कलल्यावर मास्तर सोप्यावर पोरांच्या वह्या तपासत बसले होते. समोर, पूर्वेच्या डोंगराच्या सोंडेवर काहीतरी लखलखलं. थांबलं. पुन्हा लखलखलं. डोळ्यांत सुई टोचावी तसा उजेड. मास्तरांनी एक-दोनदा तोंड फिरवलं, वही कपाळाशी धरली. मग आत झोपलेल्याची झोप मोडू नये म्हणून माजघराचं दार ओढून घेतलं आणि स्वतः भिंतीच्या आडोशाला सरकून बसले.

तासाभरात पोलीस आले, नदीच्या उताराकडून. सयाजी परसातून पळाला आणि उसाच्या कडेला त्याला गोळी लागली.

दुसऱ्या दिवशी माती आवरल्यावर मास्तर एकटेच डोंगराच्या सोंडेवर चढले. तिथं मेंढ्यांच्या ताज्या लेंड्या होत्या आणि दगडाच्या बेचक्यात तळहाताएवढा गोल आरसा पडला होता. खाली येऊन बघतात तर धुळा वाघर गुंडाळून पहाटेच निघून गेलेला. त्यानंतर मास्तरांना कुणी काही सांगायची गरज उरली नाही. गावातली तरणी पोरं धुळाच्या मागावर जायला निघाली, तेव्हा त्यांनीच त्यांना अडवलं. घाई करायची नाही, म्हणाले. गणित चुकतं ते घाईनं.

वाघर लावून झाली तशी धुळाची बायको भामाबाई पालापुढं काशाच्या ताटात पाणी घेऊन बसली आणि त्यात वाकून कुंकू लावू लागली.

“मास्तर, तुमच्या शाळंत एकांदा आरसा असंल तर बघा की,” ती म्हणाली. “ह्येनी माजा आरसा तुमच्या डोंगरावर घालवला. वरीस झालं, पान्यात तोंड बघतीया. वारं आलं की कपाळ हालतंय.”

“तुजं कपाळ कवा जाग्यावर व्हतं?” धुळा म्हणाला.

“जाग्यावर असतं तर तुमाला दिली असती व्हय माज्या बानं? आन् नुसत्या कुंकवाचं न्हाई मास्तर. वर लांडगा दिसला की ह्ये पालावर आरसा मारायचं, मी कुत्री सोडायची. आता वरडून वरडून घसा बसतोय ह्येंचा.”

“आरसा गेला त्ये गेला,” धुळा म्हणाला. “कामापायीच गेला त्यो.”

“कसल्या कामापायी?” मास्तरांनी विचारलं. आवाज वर्गात असतो तेवढाच शांत होता.

धुळानं हातातला दगड खाली ठेवला.

“त्या दिसाचं काय काडायचं, मास्तर? माज्या बी जिवाला लागलंय. तुमास्नी तर समदं ठावंच हाय.”

“ठाऊक आहे. उद्या दिवस मावळताना बोलू. चार माणसांसमोर.”

“चार मानसं कशाला?”

“सयाजीची माणसं आहेत.”

“मग लय बेस झालं,” धुळा म्हणाला. “सयाजीचं मला बी कुनापाशी तरी बोलायचंच व्हतं.”

मास्तरांनी त्याच्या तोंडाकडे नीट बघितलं. इतका कोडगा माणूस त्यांनी आजवर पाहिला नव्हता.

घरी जाताना ते उसाच्या फडातून गेले. मानसिंग तिथं बांधावर बसला होता. सयाजीच्या बरोबरीचा, त्याच्याच टोळीतला. आता आसपासच्या गावांत न्याय-निवाडा त्याच्या शब्दानं होत असे. शेजारी दादासो उसाचं कांडं सोलत होता. दोघंही मास्तरांच्याच शाळेत शिकले होते, म्हणून ते आल्यावर उठून उभे राहिले.

“आला?” मानसिंगनं विचारलं.

“आला. वाघर लावली.”

“मास्तर, इचारतो म्हणून रागावू नका. त्यो उजेड तुमच्याबिगर आनखी कुनी बघितला?”

“नाही. चावडीवर माणसं होती, नदीवर बाया धुणं धूत होत्या. सगळ्यांना विचारलं मी. कुणालाच दिसला नाही. मी एकट्यानं बघितला.”

“म्हंजे साक्ष एकट्याची.”

“मास्तराची साक्ष हाय गड्या,” दादासो म्हणाला. “पाडा चुकला तर पट्टी मारायचं, पर खोटं कवा बोललं न्हाईत.”

मानसिंगनं मान डोलावली. मग म्हणाला, “तुमी फकस्त सांगायचं, उजेड मारला त्यो ह्यानंच आन् पोलिसांसाठी मारला. म्होरलं आमी बघतो. तळपायाला बसंल. पुना मेंढरामागं चालायचा न्हाई.”

“एक करा,” मास्तर म्हणाले. “वहाणा दुसऱ्या कुणी काढायच्या नाहीत. त्याच्या हातानं त्याला काढायला लावा.”

दादासोनं कांडं सोलायचं थांबवलं. आपल्याला बाराखडी गिरवून देणारा हात आणि हा आवाज, यांचा त्याला मेळ लागेना. मास्तर मात्र त्या रात्री वर्षातून पहिल्यांदा शांत झोपले.

दुसऱ्या दिवशी चौथीच्या वर्गात चंद्राचा धडा होता. हा धडा मास्तर पुस्तकातून शिकवत नसत. शाळेच्या कौलातल्या फटीतून दुपारी एक कवडसा जमिनीवर पडायचा. त्यात मास्तर एकेक वस्तू धरायचे आणि पोरांना विचारायचे.

त्यांनी आधी पाटी धरली. मग घोंगडीचा तुकडा. मग चुना फासलेलं कौल, आणि त्याबरोबर कोपऱ्यातल्या पोरांची तोंडंही उजळली.

“ऊन तेच, कवडसा तोच. मग फरक कशानं पडला?”

“घोंगडी उजेड खाती,” एक पोरगा म्हणाला.

“खाते. आणि चुना?”

“चुना परत देतोय.”

“शाब्बास. आता सांगा, चंद्र कशासारखा? चुन्यासारखा का पाटीसारखा?”

“चुन्यासारखा,” सगळा वर्ग एका आवाजात म्हणाला.

“पाटीसारखा,” मास्तर म्हणाले, आणि पोरांचे चेहरे बघून दरवर्षीप्रमाणं त्यांना गंमत वाटली. “चंद्रावरची माती काळपट आहे. दहा भाग ऊन पडलं तर तो जेमतेम एक भाग परत देतो. भोवती सगळा अंधार आहे म्हणून तेवढाही आपल्याला पांढराशुभ्र वाटतो. चुन्यासारखा आहे तो शुक्र. त्याच्या अंगावर ढगांचं दाट पांघरूण आहे, म्हणून तो निम्म्याहून जास्त ऊन परत देतो. सध्या दिवस मावळला की पश्चिमेला आधी तोच दिसतो. आज बघा.”

मधल्या रांगेतली अंजना उठून उभी राहिली. “मास्तर, चंद्राला आरसा लावला असता तर समदाच उजेड परत आला असता की. कंदील लावायलाच नगं.”

पोरं हसली. मास्तर हसले नाहीत. असा प्रश्न आला की त्यांना फार बरं वाटे. तो वाया जाऊ देणं त्यांना पाप वाटे. त्यांचा हात सदऱ्याच्या खिशात गेला. संध्याकाळी दाखवायचा म्हणून तो गोल आरसा फडक्यात गुंडाळून त्यांनी बरोबर आणला होता. आरसा तो आरसा, असा विचार करून त्यांनी फडकं सोडलं.

“बघू या. आधी पुन्हा चुना. यातला उजेड कुणाकुणाला दिसतो? हात वर.”

सगळे हात वर झाले, दाराशी बसलेल्यांचेसुद्धा.

“चुना खरखरीत असतो. तो उजेड चहूकडं उधळतो, म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला थोडा येतो. चंद्राचं आणि शुक्राचं असंच आहे. म्हणून ते सगळ्या गावांना एकदम दिसतात. आता आरसा बघा.”

त्यांनी आरसा कवडशात धरला. अंजनानं दोन्ही हात डोळ्यांवर घेतले.

“कुणाला दिसतो?”

“मला,” अंजना म्हणाली. “लय डोळं दिपलं.”

“बाकीच्यांना?”

“न्हाई मास्तर. अंजीचं तोंड तेवडं चमाकतंय. आरसा नुसता काळाच दिसतोय.”

“अंजीलाच का दिला? आमाला बी द्या की.”

मास्तरांनी आरसा किंचित कलता केला. “आता मला,” शेजारचा पोरगा म्हणाला, आणि अंजना म्हणाली, “माजा गेला.” पुन्हा कलता केला. “आता मला.” उजेड एकेकाकडं जाऊ लागला आणि ज्याच्याकडून निघाला त्याला काहीच दिसेना.

“म्हंजे मास्तर,” अंजना सावकाश म्हणाली, “आरशाचा उजेड ज्याच्यावर मारला त्यालाच दिसतो. दुसऱ्या कुनाला दिसतच न्हाई.”

“बरोबर,” मास्तर म्हणाले.

पोरांच्या उत्तराला इतक्या वर्षांच्या सवयीनं निघालेला तो शब्द होता. तो तोंडातून गेला आणि मास्तर तसेच उभे राहिले.

पोरं वर बघू लागली. आढ्याच्या काळ्या लाकडावर उजेडाचा एक गोल इकडून तिकडं नाचत होता.

मास्तरांनी आरसा फडक्यात गुंडाळून खिशात घातला.

शाळा सुटायची घंटा त्या दिवशी लवकर झाली.

घरी आल्यावर मास्तर सोप्यावर त्याच जागी बसले. समोर पूर्वेला डोंगराची सोंड. नदीचा उतार उजव्या हाताला, आमराईच्या पलीकडं. सोंडेवरून उताराकडं आरसा धरला असता, तर तो सोप्यावरून काळा दिसला असता, वर्गातल्या पोरांना दिसला तसा. दिसलाच नसता. चावडीवर कुणाला दिसला नाही, नदीवरच्या बायांना दिसला नाही. वर्षभर ज्या गोष्टीचा त्यांना अभिमान होता, तीच आता समोर येऊन बसली होती. उजेड त्यांना एकट्याला दिसला होता.

आत त्यांची आई, राहीबाई, आता दुखण्यातून उठलेली, मिरच्या निवडत होती.

“आई, सयाजी लहानपणी धुळाबरोबर डोंगरावर जायचा, तेव्हा काय करायचा गं?”

“करतोय काय? आरसा मारायचा. भूक लागली की मारायचा, लांडगा दिसला की मारायचा. चुलीपुढं माजं डोळं दिपायचं. उठून दारात येऊन वर हात केला की थांबायचा. न्हाई केला तर बसलेत मारत, त्यो बी आन् धुळा बी. दोगं एकाला एक.” तिनं मिरचीचा देठ मोडला. “का रं?”

“काही नाही.”

मास्तर उठले. माजघराच्या दाराशी गेले, कडीला धरून त्यांनी दार ओढलं. कसलाही आवाज न करता ते मिटलं. उघडलं. पुन्हा ओढलं. राहीबाई त्यांच्याकडे बघत राहिली.

पोलिसांना खबर कुणी दिली होती ते आता कळेल न कळेल. आणि मास्तरांनी ठरलेलं तेवढंच सांगितलं असतं, तरी चालण्यासारखं होतं. मानसिंग त्यांच्या शब्दावर थांबला होता, गावाला काही कळणार नव्हतं, एका धनगराचे पाय गेले असते आणि वर्षभर पोसलेल्या रागाला जागा मिळाली असती. राग तर तसाच होता. तसूभर कमी झाला नव्हता. आरशावर पडलेल्या उन्हासारखा तो फक्त वळला होता.

ते रानात पोचले तेव्हा दिवस बुडाला होता. मानसिंग, दादासो आणि आणखी दोघे वाघरीपाशी उभे होते. दादासोच्या हातात काठी होती. भामाबाईनं पाहुण्यांसाठी घोंगडं अंथरलं होतं, पण त्यावर कुणी बसलं नव्हतं. धुळा एकटा जमिनीवर बसून, काही न उमजून, डाव्या पायातली वहाण सोडत होता.

“मास्तर आलं,” तो म्हणाला. “ह्ये वहाना काड म्हंत्यात. कशाला वो?”

“तू काड,” मानसिंग म्हणाला. “मास्तर, सांगा आता. उजेड ह्यानंच मारला?”

“यानंच.”

“कुनासाठी?”

मास्तर आधी भामाबाईकडं गेले. खिशातला आरसा काढून तिच्या हातात दिला. तिनं तो पदरानं पुसला, तोंडासमोर धरला आणि मग त्या चार माणसांकडं बघून हळूच खाली ठेवला.

“उताराला पोलीस होते,” मास्तर म्हणाले. “त्यांना तो उजेड दिसला नसणार. आरशाचा उजेड ज्याच्यावर मारावा त्यालाच दिसतो.”

“मग कुनाला दिसला?”

“मला.”

“त्ये तर तुमी कालच सांगितलं,” दादासो म्हणाला.

धुळा एक वहाण हातात घेऊन अर्धवट उठला. “दिसला व्हता न्हवं, मास्तर? ऐकलंस भामे? मला वाटलं, मेलं कुनी बघितलंच न्हाई. पोलीस आमराईत उतरलेलं मला वरनं दिसत व्हतं. म्हनलं सयाजी बघंल, हात करंल. कुनी हातच करंना. म्हनून मारतच बसलो, मारतच बसलो. मग गोळीचा आवाज आला आन् आरसा हातातनं कुटं पडला त्ये बी कळलं न्हाई. पाटंला भामीनं वाघर गुंडाळली, मला शुद्ध नव्हती.” त्यानं मास्तरांकडं बघितलं. “दिसला व्हता तर मग बरं. म्हंजे तुमी उठवला आसंल त्याला, पर येळच गावला नसंल.”

मेंढ्या वाघरीत दाटीवाटीनं बसल्या होत्या. पश्चिमेला, उसाच्या शेंड्यांवर शुक्र आला होता आणि तिथं उभ्या असलेल्या सगळ्यांना तो सारखाच दिसत होता.

“मास्तर?” मानसिंग म्हणाला. “उठवला व्हता?”

मास्तर धुळाच्या शेजारी ढेकळांत बसले. त्यांनी धुळाच्या हातातली वहाण घेतली, तिच्यावरची माती झटकली आणि त्याच्या पायाशी नीट ठेवली.

मग वाकून त्यांनी स्वतःच्या वहाणा काढल्या. एक, मग दुसरी. दोन्ही जोडून बाजूला ठेवल्या आणि दादासोच्या समोर पाय लांब केले.